आईंच्या झोपेची वेळ आणि भिंतीची सावली

आमच्या आई, म्हणजे माझ्या सासूबाई, दुपारी दीडला आडव्या होतात आणि साडेतीनला उठतात. उठल्यावर अर्धा कप चहा, मग वेणी, मग देवापाशी दोन मिनिटं. चार वाजता त्यांचा चेहरा दिवसातला सगळ्यात ताजा असतो. माझी आठ महिन्यांची नातही त्याच सुमाराला दुसरी झोप काढून, दूध पिऊन खेळायला लागते. घरच्या सगळ्यांचा एक फोटो काढायचं ठरलं तेव्हा मी कागदावर आधी या दोन झोपा लिहिल्या. फोटोग्राफर, जागा, कपडे हे सगळं त्यांच्याखाली.

निमित्त होतं आईंच्या सहस्रचंद्रदर्शनाचं. फेब्रुवारीचा मध्य. साताऱ्याहून दीर-जाऊ आणि त्यांची कॉलेजात जाणारी दोन मुलं आली, पुण्याहून नणंद आणि तिचे यजमान. चंडीगडला सेक्टर बावीसमधल्या घरात आम्ही होतोच: हे, मी, मुलगा, मोहालीची सून आणि छोटी. आई धरून बारा जण, चार पिढ्या. सगळ्यांच्या फोनमध्ये मिळून हजारो फोटो असतील, पण सगळे आहेत असा एकही नव्हता. कुणीतरी एक जण नेहमी फोन धरून उभा असतो.

असा फोटो आयुष्यात तीन-चारदाच निघतो. तो चांगला यावा म्हणून काय काय करावं लागतं ते मी त्या महिन्यात शिकले. मग नात्यातल्या बऱ्याच जणांनी विचारलं, म्हणून इथे सविस्तर लिहिते.

सुरुवात फ्रेमपासून करायची, कॅमेऱ्यापासून नाही. फोटो घरात कुठल्या भिंतीवर लागणार आणि केवढा लागणार, हे ठरलं की पुढचे निम्मे निर्णय आपोआप होतात. आम्ही दिवाणखान्यातली देव्हाऱ्याशेजारची भिंत मोजली आणि १२ × १८ इंच हे माप धरलं. नेहमीच्या कॅमेऱ्यातून निघणाऱ्या फोटोच्या लांबी-रुंदीचं प्रमाण ३ : २ असतं. ४ × ६, ८ × १२, १२ × १८ ही सगळी मापं त्या प्रमाणात बसतात. पण दुकानात तयार मिळणारी ८ × १० ची फ्रेम त्यात बसत नाही. ८ × १२ चा फोटो तिच्यात घालायचा तर लांबीतले २ इंच, म्हणजे दोन्ही कडांचा एकेक इंच, कापावा लागतो. दिराच्या लग्नातल्या ग्रुप फोटोचं नेमकं हेच झालं. एका फ्रेमवाल्याने न विचारता कडा कापल्या आणि टोकाला उभ्या असलेल्या मावशींचा खांदा आणि पाटल्यांचा हात गेला. मावशी आता नाहीत. साताऱ्याच्या घरात तो फोटो अजून तसाच आहे, आणि जाता-येता नजर त्या कापलेल्या कडेवरच जाते.

म्हणून दोन गोष्टी आधीच सांगून ठेवायच्या: फ्रेम फोटोच्या मापाची करायची, आणि फोटो काढताना दोन्ही टोकांना वीतभर जागा मोकळी सोडायची.

मापावरून फोटो किती बारकाव्याचा हवा तेही कळतं. हातात धरून पाहायच्या छपाईला इंचाला ३०० ठिपके धरतात. १२ × १८ ला त्या हिशेबाने ३६०० × ५४००, म्हणजे साधारण १९ मेगापिक्सेल लागतात. भिंतीवरचा फोटो आपण दोन-तीन हात लांबून बघतो, तिथे इंचाला २०० ठिपकेही पुरतात आणि मग साडेआठ मेगापिक्सेलवर भागतं. आजचा बरा फोन हे सहज देतो. बिघडतं ते पुढे. फोटो व्हॉट्सॲपवर नेहमीसारखा पाठवला की तो आकसतो आणि तीच आकसलेली प्रत छापायला जाते. मूळ फाइल पेनड्राइव्हवर घ्या किंवा डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

आता उजेड. यावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवला आणि तो सत्कारणी लागला. पण आधी घराबद्दल थोडं, कारण उजेड कसा पडतो ते बांधणीवर ठरतं.

आमचा सेक्टर हा चंडीगडमध्ये अगदी सुरुवातीला वसलेल्या सेक्टरांपैकी. ७ ऑक्टोबर १९५३ ला राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते या शहराचं उद्घाटन झालं. नगराची आखणी ल कॉर्बुझिए यांची, पण लोकांनी राहायची घरं प्रामुख्याने मॅक्सवेल फ्राय, जेन ड्रू आणि पिएर जानरे या तिघांनी आणि त्यांच्या भारतीय सहकाऱ्यांनी उभी केली. त्या सहकाऱ्यांत ए. आर. प्रभावळकर हे मराठी आडनाव दिसलं की मला अजून बरं वाटतं. सेक्टर बावीसच्या घरांवर जेन ड्रू यांचा ठसा मोठा आहे, आणि बाजारातलं किरण सिनेमाचं थिएटर फ्राय यांचं. हाताशी पैसा बेताचा, सिमेंट आणि पोलाद दुर्मीळ, वीट मात्र जवळ आणि स्वस्त. म्हणून इथली जुनी घरं विटांची आहेत आणि उन्हाळ्याच्या झळा अडवून वारा आत यावा म्हणून जागोजागी विटांच्याच जाळ्या आहेत. लाल भिंत, जाळी, मागे छोटं अंगण. इथला कुठलाही घरचा फोटो यांच्यातच निघतो, तेव्हा भिंत, जाळी आणि अंगण या तिन्हींचा स्वभाव माहीत हवा.

जाळी दिसायला सुंदर, म्हणून सगळ्यांचं पहिलं मत व्हरांड्याला पडलं. कार्यक्रमाच्या आठवडाभर आधी मी चार वाजता आईंना तिथे खुर्चीवर बसवलं आणि समोरून पाहिलं. जाळीतून येणारे कवडसे त्यांच्या अंगावर पडले होते. एक कपाळावर, एक गालावर, एक नाकापाशी. कवडशातली कातडी पांढरीफटक आणि शेजारची काळवंडलेली. डोळ्याला ते चालतं, कारण आपला डोळा ऊन-सावली दोन्ही सांभाळून घेतो. कॅमेऱ्याला तेवढं जमत नाही. उजेडाप्रमाणे ठेवलं तर सावली काळी होते, सावलीप्रमाणे ठेवलं तर उजेड करपतो. बारा चेहऱ्यांवर असे कवडसे पडले असते तर तो फोटो कुणालाच दुरुस्त करता आला नसता.

गच्चीचं मत दिराचं होतं. तिथे उघडं ऊन. सूर्य कितीही मोठा असला तरी इतका लांब आहे की आपल्यासाठी तो आकाशातला एक लहानसा दिवा आहे, आणि लहान दिव्याची सावली धारदार पडते. डोळ्यांच्या खोबणीत अंधार, नाकाखाली काळी रेघ, आणि सगळ्यांचे डोळे मिचमिचे. तेच आपण सावलीत उभे राहिलो आणि समोर मोकळं आकाश असलं, की अख्खं आकाश आपला दिवा होतं. एवढ्या मोठ्या दिव्याची सावली मऊ पडते. फोटोग्राफर याला ‘ओपन शेड’ म्हणतात. मी तिला उघडी सावली म्हणते: डोक्यावर ऊन नाही, पण समोर आकाश आहे.

अशी सावली कुठे आणि किती वाजता मिळेल, हे गावावर आणि ऋतूवर ठरतं. पुण्यात डिसेंबरच्या उत्तरार्धात भर दुपारी सूर्य क्षितिजापासून ४८ अंशांवर असतो. चंडीगड उत्तरेला, इथे तो ३६ अंशांपर्यंतच चढतो. जूनमध्ये मात्र ८३ अंश, म्हणजे जवळजवळ डोक्यावर, आणि भिंतीची सावली नावापुरतीच उरते. आमच्या फेब्रुवारीतल्या चार वाजता तो नैर्ऋत्येला २५ अंशांच्या आसपास उतरलेला असतो. त्या वेळी ६ मीटर उंचीच्या दुमजली घराची सावली सुमारे १३ मीटर लांब पडते. चंडीगडचे रस्ते सरळ उत्तर-दक्षिण नाहीत, सगळी चौकट नैर्ऋत्य-ईशान्य अशी तिरकी टाकलेली आहे. आमचं मागचं अंगण ईशान्येला. दुपारी चारला ते पूर्ण सावलीत, आणि समोर निळं आकाश. आईंची झोप, नातीची झोप आणि भिंतीची सावली तिन्ही चार वाजता जुळल्या तेव्हा मला लग्नाचा मुहूर्त निघाल्यासारखा आनंद झाला.

तुमच्या घरी हे जुळवायला गणित नको. ठरलेल्या वेळी, आधीच्या एखाद्या दिवशी, ठरलेल्या जागी घरातल्या एकाला बसवा आणि त्याच्या डोळ्यांत बघा. बुबुळात आकाशाचा किंवा खिडकीचा पांढरा ठिपका चमकत असेल तर जागा चांगली. ठिपका नसेल आणि डोळे खोल दिसत असतील, तर त्याला हळूहळू गोल फिरवा. कुठल्यातरी दिशेला तो ठिपका उजळतो. तीच कॅमेऱ्याची दिशा. घरात काढायचा असेल तरी रीत हीच: मोठी खिडकी फोटोग्राफरच्या पाठीशी किंवा बाजूला, आणि छतावरचे दिवे बंद. पिवळा दिवा आणि खिडकीचा निळसर उजेड एकत्र आले की अर्धा चेहरा हळद लावल्यासारखा दिसतो.

विटांबद्दल एवढंच, की लाल भिंत पाठीमागे छान दिसते, पण समोर किंवा अगदी कुशीला नको. तिचा तांबूस उजेड गालावर चढतो. हिरवळीचंही तसंच, हनुवटीखाली हिरवट छटा येते. आम्ही अंगणात जुनी पांढरी सतरंजी अंथरली. तिच्यावरून उजेड वर फेकला गेला आणि आईंच्या डोळ्यांखालच्या सावल्या हलक्या झाल्या. माणसांना भिंतीपासून दीड-दोन मीटर पुढे उभं केलं, म्हणजे भिंत थोडी धूसर होऊन मागे राहिली. डिसेंबरअखेर ते जानेवारी इथे धुकं असतं, आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये हवेत शेतातल्या धुराची पिवळट झाक असते. बाहेरगावच्यांना बोलवायचं असेल तर फेब्रुवारी-मार्च उत्तम.

फोटोग्राफर आम्ही बाजारातलाच घेतला. एक सद्गृहस्थ, वीस-बावीस वर्षं लग्नाचं काम करणारे. पैसे बोलण्याआधी त्यांना तीन गोष्टी सांगितल्या: माणसं किती, वयं काय आणि फ्रेम केवढी. ते आदल्या दिवशी येऊन अंगण पाहून गेले. जो फोटोग्राफर जागा पाहायला येतो, निदान जागेचा आणि वेळेचा फोटो मागून घेतो, त्याच्यावर विश्वास ठेवायला हरकत नाही.

बारा माणसं मांडायची कशी? आमच्या मनात एकच लांब रांग होती. ती त्यांनी मोडली. रांग जितकी लांब तितका कॅमेरा मागे न्यावा लागतो आणि चेहरे तितके लहान होतात. त्यांनी चार खुर्च्या ठेवल्या. मध्ये आई, त्यांच्या डाव्या हाताला छोटीला मांडीवर घेऊन सून, उजवीकडे नणंद, तिच्या पलीकडे तिचे यजमान, कारण त्यांचे गुडघे दुखतात. मागे आम्ही पाच उभे, खांदे थोडे तिरके करून. सरळ छाती पुढे करून उभं राहिलं की माणूस रुंद दिसतो आणि जागाही जास्त खातो. दिराची दोन मुलं पुढे सतरंजीवर मांडी घालून. मागच्या प्रत्येकाने पुढच्या दोघांच्या मधल्या फटीत उभं राहायचं. “तुम्हाला कॅमेऱ्याची काच दिसली नाही, तर काचेला तुम्ही दिसणार नाही,” हे त्यांचं वाक्य घरातल्या पोरांना आता पाठ आहे.

खुर्च्या बिनहाताच्या घ्या. हाताच्या खुर्चीत माणूस रेलतो, पोट पुढे येतं आणि दोन माणसांत उगाच अंतर पडतं. आईंची उंची कमी, खुर्चीवर बसल्यावर त्यांचे पाय अधांतरी राहायचे आणि पाच मिनिटांत मांड्या अवघडायच्या. जावेने स्वयंपाकघरातला पाट आणून त्यांच्या पायांखाली ठेवला. इरकल लुगड्याचा काठ त्यावरून खाली आला आणि पाट दिसेनासा झाला. त्यांचे खांदे लगेच सैल पडले. आता फोटोत पाहताना मला तो न दिसणारा पाट दिसतो.

मग अंतराचं गणित, आणि हे फोनवाल्यांनी जरूर वाचावं. फोनचा नेहमीचा कॅमेरा बराच रुंद पाहतो. त्यामुळे तो धरणारा माणूस नकळत पुढे सरकतो, अडीच-पावणेतीन मीटरवर येऊन उभा राहतो. तिथून सतरंजीवरच्या मुलांचं अंतर दोन मीटर असेल, तर मागच्या रांगेचं साडेतीन. जवळची वस्तू मोठी दिसते, म्हणून पुढच्या मुलाचं डोकं मागच्या बापाच्या डोक्याच्या जवळजवळ पावणेदोन पट येतं. शिवाय रुंद पाहणारं भिंग कडेच्या माणसांना बाहेर ओढतं. टोकाला उभी असलेली सडपातळ बाईसुद्धा आडवी दिसते. आमच्या फोटोग्राफरने कॅमेरा ५ मीटर लांब तिवईवर लावला, ५० मिलिमीटरचं भिंग घेतलं. तिथून त्या भिंगात साडेतीन मीटरपेक्षा थोडी जास्त रुंदी मावते. माणसांनी सव्वादोन-अडीच मीटर घेतले, बाकीची जागा फ्रेमवाल्यासाठी. पुढच्या-मागच्या डोक्यांतला फरक तिसरा हिस्सा एवढाच उरला. फोनवर काढायचा असेल तर ०.५ ला हात लावू नका, २ वर ठेवा आणि मागे जा. वाटेत तुळशीवृंदावन येत असेल तर जागा बदला, पण पुढे येऊ नका.

तीन रांगा म्हटलं की सगळे स्पष्ट येतील का, हा प्रश्न येतो. भिंगाचं छिद्र मोठं ठेवलं की थोडाच पट्टा स्पष्ट येतो. ५ मीटरवरच्या आईंवर नेम धरला आणि छिद्र एफ २ एवढं मोठं ठेवलं, तर साधारण साडेचार ते पावणेसहा मीटरपर्यंतचं स्पष्ट दिसतं. सतरंजीवरची मुलं त्याबाहेर राहतात. एफ ५.६ ला हा पट्टा पावणेचार ते साडेसात मीटर होतो आणि तिन्ही रांगा आत येतात. पण छिद्र लहान केलं की उजेड कमी येतो, मग झडप जास्त वेळ उघडी ठेवावी लागते आणि हलणारं बाळ पुसट होतं. सेकंदाच्या १२५ व्या भागापेक्षा जास्त वेळ लहान मूल थांबत नाही. उघड्या सावलीत चार वाजता उजेड पुरतो, सहाला पुरत नाही. फोटोची वेळ ‘संध्याकाळी सगळं आटपून’ अशी ठेवली की नेमकं इथे अडतं.

कपड्यांवर घरात सगळ्यात जास्त चर्चा झाली, त्या मानाने सांगण्यासारखं थोडं आहे. सगळ्यांनी एकाच रंगाचं घालू नये असं माझं ठाम मत आहे. मग तो शाळेचा ग्रुप वाटतो. तीन-चार रंग एका घराण्यातले निवडावेत. आमच्या आईंचं काळसर इरकल लाल काठाचं, त्यावरून बाकीचे ठरले: मरून, मोहरी, गडद हिरवा, पांढरट. सुनेने तिच्या आजीची फुलकारी घेतली. लाल भिंतीपुढे गडद लाल साडी विरून जाते, ती टाळली. पैठणी चालते, पण जरीचा पदर थेट कॅमेऱ्याकडे पसरू नये, चमकून पांढरा पडतो. खांद्यावर चापून बसवावा. पुरुषांनी बारीक रेघांचे आणि बारीक चौकड्यांचे शर्ट घालू नयेत. कॅमेऱ्याच्या आतल्या ठिपक्यांची जाळी आणि कापडाची जाळी एकमेकींवर आल्या की नसलेल्या लाटा दिसतात. खिशातले फोन, किल्ल्या, पाकीट बाहेर काढायचे. मनगटावरचं रबर, लाल-काळे दोरे, हॉस्पिटलची पट्टी राहिली आहे का, ते शेवटी एकाने पाहायचं. ते काम मी नणंदेच्या मुलीला व्हिडिओ कॉलवर दिलं होतं. ती परदेशात आहे, पडद्यावरून तिने दोघांच्या कॉलरी सरळ करवल्या. बारा जणांत नसली तरी या फोटोत तिचा हात आहे.

चष्म्याला घाबरू नका आणि काढायलाही लावू नका. रोज चष्म्यात दिसणारा माणूस चष्म्याशिवाय परका वाटतो. काचेत आकाश चमकत असेल तर काड्या कानावर जराशा उचलायच्या, म्हणजे काचा खाली झुकतात आणि चकाकी निघून जाते.

सुनेच्या माहेरी मागल्या वर्षी असाच फोटो निघाला, तिथे आणखी एक शिकले. तिच्या वडिलांची पगडी बांधायला दोघं लागतात. लांबलचक कापड दोन टोकांनी ताणून तिच्या चुण्या घालतात, त्याला ते लोक पूणी म्हणतात. त्याला घाई चालत नाही. नऊवारीचंही तसंच आहे. ज्याला सर्वांत जास्त वेळ लागतो त्याच्यापासून उलटं मोजत तयारीची वेळ धरायची. आम्ही अडीचला सुरुवात केली, आईंना मात्र सगळ्यांत शेवटी, पावणेचारला तयार केलं. म्हातारं माणूस आणि बाळ यांनी कुणासाठी थांबायचं नाही, बाकी सगळ्यांनी त्यांच्यासाठी थांबायचं.

प्रत्यक्ष फोटो वीस मिनिटांत झाले. क्रम असा: आधी सगळे बारा, कारण बाळाचा मूड पहिल्या दहा मिनिटांचा. मग चार पिढ्यांच्या चौघांचा. मग भावंडं, मग जोड्या. यादी लिहून पुतण्याच्या हातात दिली होती, म्हणून कुणी राहिलं नाही.

एकेका मांडणीचे किती काढायचे, याला उत्तर आहे. माणसाची पापणी मिनिटाला पंधरा-वीसदा तरी लवते. ऑस्ट्रेलियातल्या सीएसआयआरओ या विज्ञानसंस्थेतल्या निक स्वेन्सन आणि पिअर्स बार्न्स यांनी हिशेब मांडला, की कुणाचेच डोळे मिटलेले नसतील अशी जवळजवळ खात्री हवी तर किती फोटो काढावेत. त्यासाठी २००६ साली त्यांना गणिताचं इग नोबेल मिळालं. वीसपेक्षा कमी माणसं असतील तर उजेड चांगला असताना माणसांच्या संख्येला ३ ने भागा, उजेड कमी असेल तर २ ने. म्हणजे बारा जणांचे चार, किंवा सहा. हे फक्त पापण्यांचं. बाळाने कुठे पाहावं हे त्यात नाही, म्हणून आम्ही पंधरा काढले. छोटीला हाक मारायची तर ती कॅमेऱ्याच्या अगदी वरून आणि एकानेच. पाच बाजूंनी टाळ्या वाजल्या तर बाळ पाच बाजूंना बघतं.

‘हसा’ म्हणून हसू येत नाही. आपल्या पणज्या-खापरपणज्यांचे फोटो पाहिले तर गुडघ्यांवर हात ठेवून सगळे गंभीर. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर, मुंबईत १८५४ साली फोटोग्राफिक सोसायटी निघाली आणि डॉ. नारायण दाजी यांच्यासारखे आपले लोक कॅमेरा हाताळू लागले तेव्हा, काचेवरचं चित्र उमटायला काही सेकंद लागत. तेवढा वेळ हसू एका जागी धरता येत नाही, गंभीर चेहरा धरता येतो. पुढे वेळ कमी झाला तरी ती बसण्याची रीत राहिली. आमच्या आईंच्या मनात फोटो म्हणजे अजून तोच. काच दिसली की त्या ताठ झाल्या, ओठ मिटले. फोटोग्राफर “आंटीजी, थोड़ा मुस्कुराइए” म्हणत राहिले. मग दिरांनी मागून वडिलांचं नाव काढून विचारलं, “आई, लग्नात फोटोवाल्याला आप्पांनी किती थांबवलं होतं गं?” आईंनी मान वळवली नाही, पण डोळे बदलले. तो सातवा फोटो. फ्रेममध्ये तोच आहे.

एखाद-दोघांचे डोळे मिटलेले असले तर ते शेजारच्या फोटोतून घेऊन बसवता येतात. कॅमेरा तिवईवर असला की हे सोपं जातं. याला माझी ना नाही. पण कॉम्प्युटरवर आईंच्या सुरकुत्या पुसायचं फोटोग्राफरनी सुचवलं तेव्हा मी स्पष्ट नको म्हटलं. एक्क्याऐंशीव्या वर्षाचा फोटो आहे, चेहराही तेवढ्याच वर्षांचा हवा.

सगळे उठू लागले तेव्हा मी आईंना तिथेच बसवून ठेवलं. ही गोष्ट कुणी बोलत नाही, पण सगळ्यांना माहीत आहे. आपल्या घरांत भिंतीवर हार घातलेला जो फोटो असतो, तो बऱ्याचदा कुणाच्यातरी लग्नातल्या ग्रुपमधून कापून काढलेला असतो. शेजारच्याचा खांदा पुसलेला, मागे बळेच लावलेला निळा पडदा, अंगठ्याएवढं डोकं ताणून मोठं केलेलं, म्हणून नाक-डोळे पुसट. आमच्या सासऱ्यांचा तसाच आहे. गेल्यानंतरच्या पहिल्या रात्री कपाटं उलटीपालटी करून तो शोधला होता. म्हणून ग्रुप झाला की घरातल्या प्रत्येक वडीलधाऱ्याचा एकट्याचा फोटो घ्यायचा, त्यांना सांगून, त्यांच्या आवडीच्या कपड्यांत. मी आईंना विचारलं, “तुमचा एकटीचा काढू का?” त्या म्हणाल्या, “काढ. आणि नथ नको त्यात, रोजच्यासारखी काढ.” नथ उतरवली, चष्मा घातला, हातात जपमाळ घेतली. तीन फोटो काढले. त्यातला एक त्यांनी स्वतः निवडला.

छपाई आठवड्यात झाली. चकचकीत कागद न घेता मॅट घेतला, कारण खिडकीसमोरच्या भिंतीवर काचेत आणि कागदात दोन्हीकडे चमक येते. फोटो काचेला चिकटू नये म्हणून मध्ये जाड पुठ्ठ्याची चौकट घातली. पावसाळ्यात दमट हवेने चिकटलेला फोटो सुटत नाही, फाटतो. उन्हाची तिरीप येते ती भिंत सोडली. मूळ फाइली तीन ठिकाणी आहेत: आमच्याकडे, साताऱ्याला, आणि परदेशातल्या भाचीकडे.

फ्रेम बंद होण्याआधी एक काम राहिलं होतं. आईंच्या ट्रंकेत एक ग्रुप फोटो आहे, वाड्याच्या पायरीवर चौदा माणसं. त्यातल्या नऊ जणांची नावं आईंना सांगता येतात. पाच जणांची आता कुणालाच येत नाहीत. फोटोच्या मागे काही लिहिलेलं नाही. नव्या कागदावर शिसपेन्सिल उमटत नाही आणि बॉलपेनचा वळ पुढच्या बाजूला येतो, म्हणून मी वेगळा कागद घेतला. आईंनी रांगेप्रमाणे सांगितलं, दिराच्या मुलीने लिहिलं: डावीकडून उजवीकडे, पूर्ण नाव, नातं, वय. माहेरवाशिणींची माहेरची नावंही. सुनेने आपलं नाव खाली गुरुमुखीतही लिहिलं. शेवटी तारीख, दुपारी चार, मागचं अंगण, सेक्टर २२, चंडीगड. तो कागद फोटोच्या पाठीमागे ठेवून फ्रेमवाल्याने खिळे मारले. नंतर आईंनी ट्रंकेतला जुना फोटो मागितला आणि एक को‍रा कागद. नऊ नावं आम्ही त्या दिवशी उतरवली, आणि पाच जणांच्या जागी त्यांच्या अंगावर काय आहे ते लिहिलं: फेट्यातला, काठीवाला, कडेवर मूल घेतलेली, गंधवाला, डोळे मिटलेली.